बिनपाठीचे झगे

काकूंचा एक टाका वाकडा पडला तर त्या शेजारचे दहाही उसवायच्या. मशीन थांबवायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या, ब्लेडच्या टोकाने शिवण उकलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. आणि कपडे कुणाचे? मेलेल्या माणसांचे.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये शवपेट्या बनायच्या, पुढे दुकान होतं. दुकानाच्या माडीवर काकूंची शिवणखोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, इस्त्री, आणि भिंतीला टेकून पांढऱ्या कापडाची थानं. खाली, दुकानाच्या अंगाला, मयताला अंघोळ घालून तयार करायची खोली होती. ते काम आक्काकडे. काकू झगा शिवून खाली पाठवायच्या, आक्का तो घालायची. काकू सहसा त्या खोलीत जात नसत. आपलं काम संपलं की दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता.

शेजारणी विचारायच्या, "अहो, अर्ध्या दिवसाचा तर कपडा. त्यावर एवढा जीव कशाला काढता?"

"तुमच्या लेखी अर्ध्या दिवसाचा," काकू म्हणायच्या. "मी मातीत जायला शिवत नाही, बाई. मातीतून उठायला शिवते."

थट्टा नव्हती ती. काकू चार इयत्ता शिकलेल्या. प्रवचनातलं निम्मं त्यांच्या डोक्यावरून जायचं. पण एक गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकली आणि ती त्यांच्या हाडात बसली. प्रभू मरणातून उठला, तसे शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार. धूर होऊन नाही, सावली होऊन नाही, हातपाय-चेहरा असलेले उठणार, एकमेकांना ओळखणार, आणि मग जे जगणं सुरू होईल त्याला शेवट नाही. हे एकदा मानलं, की मयताचा कपडा पाट्या टाकत शिवता येत नाही. काकूंना यात समजावून सांगण्यासारखं काही वाटत नसे.

म्हातारे मालक होते तोवर दुकानातही हे सांगावं लागत नसे. काकू पहिला झगा घेऊन खाली आल्या, तेव्हा मालकांनी गळा पाहिला नव्हता, कॉलर पाहिली नव्हती. झगा उलटा करून आधी पाठ पाहिली होती. पाठ दोन पाखांची असायची, एकावर एक येणारी, सात काजं आणि सात बटणं. मयताचे हात ताठरलेले असले तरी झगा मागून घालता यायचा आणि बटणं लावली की तो पुरा कपडा व्हायचा. एक काज हाताने भरायला बारा मिनिटं. सात काजांना जवळजवळ दीड तास. म्हाताऱ्या मालकांनी त्या दीड तासाबद्दल कधी ब्र काढला नाही.

मग ते गेले आणि मुलाने दुकान हातात घेतलं. मुलगा गोड बोलायचा. उद्धट असता तर काकू सावध झाल्या असत्या.

"काकू, आता तुमच्या डोळ्यांना ताण नको," तो एक दिवस माडीवर येऊन म्हणाला. "पाठी यापुढे बाहेरच्या कारखान्यात शिवतील आणि तिथेच जोडतीलही, मोठ्या मशीनवर. तुम्ही फक्त पुढचा भाग करा. गळा, कॉलर, छातीच्या पट्ट्या. तुमच्यासारखा गळा आहे का कुणाच्या हातात?"

काकू थोड्या नाराज झाल्या आणि जास्त सुखावल्या. इथे त्यांची चूक झाली. ज्या बाईने जन्मात दुसऱ्याची शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिल्याशिवाय खरी मानली नाही, तिने एकदाही म्हटलं नाही, की मला त्यातली एक पाठ दाखवा. गळ्याचं कौतुक झालं आणि बाई गप्प बसली. पुढे त्या हे स्वतःच सांगायच्या, तेही दात-ओठ खात.

पाच महिने असे गेले.

काकूंच्या थोरल्या जाऊबाई भिंतीपलीकडच्या खोलीत राहायच्या. दोघीही विधवा. जाऊबाईंनी चौतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात काढली होती. ओल्या चादरींचे गठ्ठे हौदातून उपसायचे, पाठीवर घ्यायचे, दोन जिने चढून गच्चीवर न्यायचे. पन्नाशीतच त्यांना पोक आलं. शेवटी शेवटी त्या इतक्या वाकल्या, की रस्त्याने चालताना त्यांना माणसांचे चेहरे दिसत नसत. त्या लोकांना चपलांवरून ओळखायच्या. "टाच झिजलेली दिसतेय, म्हणजे पोस्टमन," असं म्हणून त्याला हाक मारायच्या आणि तो पोस्टमनच निघायचा.

एकदा दुपारी त्या काकूंच्या दारात येऊन बसल्या.

"अगं, माझा झगा कधी शिवणार?"

"मराल तेव्हा."

"तेव्हा माप कोण देईल, तू? कापड वाचवशील माझ्यावर. ओळखते मी तुला."

"तुम्हाला कापड लागतंच किती, जाऊबाई? घडी घातल्यासारख्या तर आहात."

दोघी हसल्या. हसता हसता जाऊबाईंना ठसका लागला. तो थांबल्यावर त्या म्हणाल्या, "तेच सांगायला आलेय. हे घडी घातलेलं माप घेऊ नकोस."

"मग कुठलं घेऊ?"

"त्या दिवशी मी काय अशी वाकून उठणार आहे? जन्मभर लोकांच्या चपला बघितल्या. प्रभूचा चेहरा बघायचाय मला. ताठ उठणार मी. आणि ताठ उठल्यावर झगा पुढून आखूड झाला, मागे फुग्यासारखा फुगला, तर तिथे सगळ्यांसमोर तुझीच लाज जायची. सरळ पाठीचा शिव."

काकूंना ते लगेच पटलं. पोक आलेल्या माणसाचा कपडा पाठीकडे लांब आणि छातीकडे आखूड कापावा लागतो. ताठ माणसाचा तसा कापून चालत नाही. जाऊबाई उठणार त्या ताठ, तर माप ताठ. यात दुसरा काही विचार असूच शकत नव्हता.

डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा काकूंनी झगा कापायला घेतला. पुढचा भाग चार बोटं लांब ठेवला. मग एका कागदावर पाठीचं माप लिहून मालकाच्या हातात दिलं.

"ही पाठ सरळ कापायला सांगा. बाई वाकलेली आहे म्हणून कुणी शहाणपणा करून मागे लांब ठेवील. तसं करायचं नाही म्हणावं."

मालकाने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "काळजीच नको, काकू. कळवतो तिकडे."

बुधवारी सकाळी जाऊबाई गेल्या. गुरुवारी अकराला चर्चमध्ये प्रार्थना आणि मग दफन ठरलं.

गुरुवारी काकू आपला नियम मोडून आक्काच्या खोलीत गेल्या. आक्का म्हणाली, "तुम्ही बसा ना वर. करते मी सगळं."

"माझी जाऊ आहे. वेणी मी घालणार."

जाऊबाई फळीवर होत्या, झगा अंगात, मानेखाली उशी. पोकामुळे डोकं अधांतरी राहत होतं म्हणून उशी. गळा नीट बसला होता. काकूंनी कॉलर उगाच सारखी केली आणि केस मोकळे करायला मानेखाली हात घातला.

हाताला कापड लागलं नाही. थंड कातडी लागली.

काकूंनी हात खाली सरकवला. खांदा उघडा. पाठ उघडी. बाहीसुद्धा पुढून बाही आणि मागून काही नाही. मानेला एक नाडी, कमरेला एक, गुडघ्यापाशी एक. बस्स.

"आक्का, पाठ कुठाय?"

"कसली पाठ?"

"झग्याची."

"असाच तर येतो आता," आक्का म्हणाली. "पाच महिने झाले. तुम्हीच शिवता की."

काकूंनी हात बाहेर काढला. "असे किती घातलेस?"

आक्काने बोटांवर मोजलं. "हा धरून चोवीस. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणायचे सुद्धा मनात, काकूंना काय झालं असेल, अशा कशा शिवायला लागल्या."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोवीस माणसं. त्यातली तेवीस मातीखाली गेली होती, पुढून नवरदेवासारखी आणि मागून नागडी. आणि गळ्याची शिवण एकन् एक काकूंची. त्या दारात गेल्या आणि भरल्या दुकानात ओरडल्या, "मालक! इकडे या!"

मालक काळ्या कोटात धावत आला. पाठोपाठ जाऊबाईंचा मुलगा, काकूंचा पुतण्या, बस दुरुस्तीच्या आगारात मुकादम असलेला चाळिशीचा माणूस. काकूंनी जाऊबाईंवर चादर ओढली.

"हळू बोला, काकू. बाहेर माणसं आहेत."

"माणसांचंच बोलतेय. पाठी जिथे शिवतात तो कारखाना दाखवा मला. आत्ता. चालत येते मी."

मालक पुतण्याकडे बघून हसला, बायकांचं चाललंय काहीतरी अशा थाटात. "अहो, आजकाल सगळीकडे असंच असतं. घालायला सोपं, पाच मिनिटांत काम. आणि पाठ बघतंय कोण?"

"म्हणजे कारखाना नाहीच."

"तसं थेट सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का?"

"मी कागद दिला होता. माप लिहून. त्याचं काय केलंत?"

मालकाने बाहेरच्या माणसांकडे नजर वळवली.

"बरं, कुणी बघत नाही म्हणता, तर पुढचा भाग तरी कशाला? झाकण ठोकलं की तोही दिसत नाही. सरळ रुमाल बांधा गळ्याला आणि सोडा!"

पुतण्याने काकूंचा दंड धरला. "काकू, लोक येऊन बसलेत गं चर्चमध्ये. अकराला पोचायचंय. नंतर भांड हवं तर. आत्ता आईला शांतपणे जाऊ दे."

"जाऊ दे? तुझी आई नुसती जाणार आहे का? परत उठायचं नाहीये तिला?"

पुतण्याने हात सोडला.

तेवढ्यात पाळकसाहेब आत आले. त्यांना मयताबरोबर चर्चला जायचं होतं. भला माणूस, मऊ बोलणारा. दोन्ही बाजू ऐकून घेऊन त्यांनी काकूंना खुर्ची दिली. काकू बसल्या नाहीत.

"काकू, तुमचं दुःख मी समजू शकतो," पाळकसाहेब म्हणाले. "पण आपला विश्वास कापडावर नाही. पुनरुत्थानाचं शरीर नवं असेल. त्याला झीज नाही, कुजणं नाही, मरण नाही. आपण कबरीत ठेवतो ते बी आहे. उगवेल ते कितीतरी वेगळं आणि तेजस्वी. त्याला तुमच्या-माझ्या झग्याची गरज नाही."

"कापडाचं मला सांगू नका, साहेब. ओल लागली की ते आधी शिवणीत सुटतं, मग काखेत, मग सगळंच जातं. देवाला माझा झगा लागत नाही हेही मला ठाऊक आहे. तो काय माझ्या भरवशावर बसलाय होय?" काकूंचा आवाज चढत गेला. "पण बी म्हणालात ना? बी पेरणारा आणि कचरा टाकणारा, दोघंही मातीतच टाकतात. हात मात्र वेगळे चालतात त्यांचे. आता हा झगा बघा, आणि हा कुठल्या हाताचा आहे ते तुम्हीच सांगा."

पाळकसाहेबांनी झग्याकडे पाहिलं नाही.

"दर रविवारी आपण उभे राहून म्हणतो, शरीर पुन्हा उठणार. नुसता जीव नाही, शरीर. मग त्या शरीराला पाठ आहे का नाही? या बाईने चौतीस वर्षं ओल्या चादरी वाहिल्या त्या छातीवर नाही वाहिल्या. हिचं सगळं आयुष्य पाठीत आहे, आणि नेमकी तीच उघडी टाकायची! का, तर पाच मिनिटांत काम होतं. ज्याला वाटतं मेलेलं माणूस संपलं, त्याने पोत्यात गुंडाळावं. माझं काही म्हणणं नाही. पण चर्चमध्ये एक म्हणायचं आणि या खोलीत दुसरंच करायचं, हे चालायचं नाही. माझ्या हातून तर नाहीच नाही."

शेडमधला सुतार रंधा थांबवून ऐकत होता.

"किती वेळ लागेल?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"दीड तास."

"लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा."

पाळकसाहेब मान डोलावून निघून गेले. पुतण्या त्यांच्यामागे गेला. मालक मात्र उंबऱ्यातच उभा. "काकू, इथवर ठीक आहे. पण हे केलंत तर उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. माझी कात्री वर आहे. बाजूला व्हा."

माडीवर काकूंनी थान टेबलावर अंथरलं आणि खडूने आखलं. मानेपासून टाचेपर्यंत सरळ रेघ, कुठे फुगवटा नाही. पाठ दोन पाखांत कापली. आक्काने नाड्या सोडून झगा काढून वर आणला, काकूंनी मशीनवर दोन्ही पाखं खांद्याला, बाहीला आणि कुशीला जोडली. प्रत्येक शिवण दोनदा, आणि दर वेळी दोन्ही हातांनी ओढून बघितली. घाई म्हणून एकही टप्पा गाळला नाही. काजांना वेळ नव्हता. तेव्हा मधली शिवण अंगावरच हाताने घालायची असं ठरलं.

खाली आल्यावर आक्काने जाऊबाईंचे हात हळूहळू चोळून मोकळे केले, बाह्या चढवल्या आणि त्यांना कुशीवर धरलं. काकू गुडघ्यांवर बसल्या. एक टाका पुढे, अर्धा मागे, एक पुढे, अर्धा मागे. मानेपासून सुरुवात केली. पोकावर आल्यावर कापड ताणलं गेलं. तिथे सुई तिरपी घालावी लागली आणि आक्काला पाखं चिमटीत धरून ठेवावी लागली.

"दमलीस तर सांग."

"दमले नाही. तेवीस जणांना असं धरलं असतं तर झालं असतं की हो."

"तुझं आणि माझं नंतर बघू. घट्ट धर."

शेवटचा टाका घालून काकूंनी दोरा तोडला. आक्काने खाली पाहिलं. झग्याची मागची कड पोटऱ्यांपाशीच थांबली होती.

"काकू, मागे आखूड पडतंय."

"आत्ता पडतंय," काकू म्हणाल्या. "उभ्या राहिल्या की बरोबर येईल."

मग त्यांनी वेणी घातली.

दफन पाऊण वाजता झालं. परतताना काकूंनी पुतण्याला विचारलं, "पाळकसाहेबांनी लोकांना उशिराचं काय सांगितलं?"

पुतण्या खाली बघत म्हणाला, "काही अडचणीमुळे थोडा उशीर होतोय, असं."

"काही अडचणीमुळे," काकू म्हणाल्या, आणि झपाझप पुढे चालू लागल्या.

शुक्रवारी त्या आधी दुकानात गेल्या. मालकाने त्यांना पायरीवरच अडवलं. "तुमच्या जाऊबाईंचं झालं ना मनासारखं? मग?"

"बाकीच्या तेवीस जणांच्या घरी जाऊन सांगा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

तिथून त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेबांनी त्यांना अर्धा तास समजावलं. ती माणसं प्रभूच्या हातात सुरक्षित आहेत, त्यांच्या सार्वकालिक जीवनाला याने कणभरही धक्का लागत नाही, उगाच तेवीस घरांच्या जखमा उकरून काय मिळणार.

"त्यांना लागत नाही धक्का," काकू म्हणाल्या. "मीही तेच मानते. धक्का आपल्याला लागतो. फसवलं आपण, आणि उद्या ते सगळे समोर उभे राहिले की काय तोंड दाखवायचं? तुम्हाला तेव्हा माझ्याच रांगेत उभं राहायचंय, साहेब."

"योग्य वेळ बघून मी बोलेन."

"योग्य वेळ पाच महिन्यांपूर्वी होती."

शनिवारी सकाळी आक्का आपणहून काकूंच्या दारात आली. तिने तेवीसही नावं एका कागदावर क्रमाने लिहून आणली होती. काकूंनी कागद वाचला, चपला घातल्या आणि पहिल्या नावाच्या घरी गेल्या.

पहिलं घर काचा बसवणाऱ्याचं. म्हातारा ओट्यावर बसून खिडकीच्या चौकटीत काच पक्की करायला लुकण भरत होता. त्याची बायको पाच महिन्यांपूर्वी गेली होती. काकूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, स्वतःलाही वगळलं नाही.

म्हाताऱ्याने सुरीवरचं लुकण चौकटीच्या कडेला पुसलं.

"छान दिसत होती ती त्यात," तो म्हणाला. "डोळे मिटले की ती मला त्या झग्यातच दिसते. म्हणजे मला जे दिसतं ते निम्मंच खरं?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज शनिवार आहे. दोन दिवस काय करत होतात?"

काकूंना बरं वाटलं. गुरुवारपासून पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

"मालकाकडे गेले, पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सांगायला हवं होतं. चूक झाली, पहिल्यांदा इथेच यायला हवं होतं."

"हवंच होतं," म्हातारा कडाडला. "माझ्या बायकोची गोष्ट, आणि मी तिसरा! माफी मागायला आला असाल तर नाही करत मी माफ. आज तरी नाही."

"मागत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून आले."

म्हाताऱ्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले. "पुढचं घर कुणाचं?"

काकूंनी कागद दाखवला. त्याने तो डोळ्यांजवळ धरून वाचला. "हा पाचवा माझा मेहुणा. त्याच्याकडे मी जातो. तुमच्या तोंडून ऐकलं तर तो तुम्हाला जिन्यावरून ढकलून देईल."

संध्याकाळपर्यंत काकूंची नऊ घरं झाली. एका बाईने तोंडावर दार लावलं. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मेलेल्या माणसाचं काय एवढं, आमचा नाही विश्वास असल्या गोष्टींवर. काकू त्याला म्हणाल्या, "मग तुमचं चालेल." एका घरी दोन बहिणी आईवरून आपसातच भांडायला लागल्या, पेटी कुणी ठरवली आणि दुकान कुणी ठरवलं. काकू तिथून उठून पुढच्या घरी गेल्या. बाकीची घरं काचवाल्याने आणि आक्काने वाटून घेतली. आक्काला दोन ठिकाणी शिव्या बसल्या. तिने त्या खाल्ल्या.

रविवारी चर्च भरलं होतं. मालक नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर होता. काकू शेवटच्या बाकावर बसल्या. पाळकसाहेबांनी सार्वकालिक जीवनाच्या आशेवर बोलायला सुरुवात केली. चार वाक्यं झाली असतील, तेवढ्यात काचवाला मधल्या बाकावरून उठला.

"साहेब, थांबा. आधी आमच्या तेवीस जणांचं सांगा."

त्याचा मेहुणा उठला. मग इकडून एक, तिकडून एक. दार लावून घेणारी बाईही उठली. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसते उभे राहिले.

पाळकसाहेबांचा हात पुस्तकाच्या पानावर होता. तो त्यांनी काढून घेतला. मग ते वेदीच्या पायऱ्या उतरून खाली आले, लोकांच्या बरोबरीला, आणि त्यांनी सगळं सांगितलं. झगे कसे होते ते, गुरुवारी उशीर का झाला ते, "काही अडचणीमुळे" असं आपण म्हणालो आणि ते खोटं होतं, तेही. मग काचवाल्याने पुढे केलेल्या आक्काच्या कागदावरची तेवीस नावं वाचली. एक नाव त्यांनी दोनदा वाचलं. ती त्यांची स्वतःची मामी होती.

काकूंचा राग गेला नाही. तीन दिवस उशिरा सांगितलं ते उशिराच, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी पुढे कधी बदललं नाही. नोकरी गेली ती गेलीच. पण नावं वाचून संपली आणि सगळी मंडळी विश्वासाची कबुली म्हणायला उभी राहिली, तेव्हा काकूही उठल्या.

एरवी ती कबुली लोक कशीबशी उरकायचे. त्या दिवशी ती सावकाश म्हटली गेली. शरीर पुन्हा उठेल या शब्दांपाशी आल्यावर तर काचवाला इतक्या मोठ्याने म्हणाला, की पुढचे चारजण मागे वळले. काकूंनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. मालक उभा होता, सगळ्यांसारखाच, पण त्याचा जबडा हलत नव्हता. ओठ मिटलेले, नजर फरशीवर. तो काहीच म्हणत नव्हता.

काकूंना त्याचा राग आला नाही. पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच खोटं बोलत नव्हता.